टेपचं दुसरं टोक

"सोड बाळा, टेप सोड."

शालूनं सोडली नाही. मापाची टेप माझ्या गळ्यात होती आणि तिचं दुसरं टोक शालूनं दोन्ही मुठींत असं गच्च धरलं होतं, की मी ताठ उभा राहिलो असतो तर मलाच फास बसला असता. म्हणून मी पहिलीच्या वर्गाच्या दारात कमरेत वाकून उभा होतो. आत चाळीसेक पोरं बसकरांवर बसून आमचा खेळ बघत होती.

"पोटात दुखतंय," शालू म्हणाली.

"कुठं दुखतंय?"

"सगळीकडं."

तांबोळी बाई हातातला खडू फळ्याखाली ठेवून बाहेर आल्या. या बाईंच्या वर्गात आपलं मूल पडावं म्हणून लोक वशिले लावत. माझ्या पोरीला ती जागा फुकटात मिळाली होती आणि ती तिथं बसायलाच तयार नव्हती.

"हेंद्रे, आजचा अकरावा दिवस," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "घेऊन जा. ही रडायला लागली की मागची तिघं सुरू होतात. पण एखाद्या डॉक्टरला दाखवा आता. असं किती दिवस चालायचं?"

मी तोंड पाडलं आणि शालूला उचललं. पण खरं सांगायचं तर मला आतून हायसं वाटलं. मी ते तेव्हा कुणाला सांगितलं नाही, स्वतःलासुद्धा नाही. एसटी स्टँडपर्यंत येईतो शालूचं पोट थांबलं होतं आणि ती दुकानांच्या पाट्यांवरचे रंग मोजत होती.

ही सतरा-अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. विट्यात माझं लेडीज टेलरचं दुकान होतं, म्हणजे घराचीच पुढची खोली. एक मशीन, एक कटिंगचं टेबल आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेले ब्लाउज. हेमा, माझी बायको, एसटीत कंडक्टर. आमच्या भागात तेव्हा बाई कंडक्टर नवी होती, लोक तिकीट घेताना दोनदा बघायचे. शालू दीड वर्षाची असताना, तिला मांडीवर थोपटत हेमानं परीक्षेचा अभ्यास केला होता. तिचा पहिला खाकी ड्रेस मीच शिवला, तोही तीन वेळा उसवून, कारण खांदा मनासारखा बसेना. पहाटे साडेपाचला ती सातारा गाडी घेऊन निघायची आणि दुपारी साडेतीनला परत यायची.

त्या दिवशीही ती साडेतीनला आली. चप्पल काढायच्या आधी तिनं विचारलं, "बसली का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

हेमानं तिकिटांची बॅग खुर्चीवर ठेवली आणि तशीच उभी राहिली. शालू टेबलाखाली चिंध्यांची बाहुली करत होती. आमच्याकडे तिचं लक्ष नव्हतं, असं मला वाटलं.

"दिवाळीपर्यंत बालवाडीत हसत जायची ही," हेमा म्हणाली. "मग काय बिघडलं कुणास ठाऊक. समोरच्या काकी आज मला स्टँडवरच म्हणाल्या, आई दिवसभर गाडीवर, पोरगी घाबरणार न्हाई तर काय करणार."

"लोकांचं काय मनावर घेतीस?"

"लोकांचं न्हाई घेत. पोरीचं घेतीय." तिनं घसा खाकरला. "सोमवारपर्यंत बघते. बसली तर बसली. न्हाईतर राजीनामा देते. घरी आई असली की सुधारंल."

"बघ बाई, तुझी नोकरी, तुझी मर्जी," मी म्हणालो आणि मशीनवर मान खाली घातली.

किती साळसूद बोललो मी! बायकांनी नोकरी करू नये असल्या मताचा मी कधीच नव्हतो. तिचा पगार आला की पेढ्यांचा पुडा मीच आणायचो. पण तिनं घरी असावं, मी मान वर केली की समोर दिसावी, असं मला रोज पहाटे साडेपाचला वाटायचं. आता ते आपोआप होणार होतं आणि त्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटणार नव्हतं. हेमा मात्र मोरीत तोंड धुवायला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. नळ चालू होता.

बुधवारी सांगलीला डॉक्टर बेडकिहाळ मॅडमकडे गेलो. लहान मुलांच्या मनाच्या डॉक्टर. मला वाटलं होतं भिंग-चष्मेवाल्या कुणी म्हाताऱ्या बाई असतील, पण या चाळिशीच्या आत होत्या आणि जमिनीवर मांडी घालून शालूशी खडूंनी चित्र काढत होत्या. हेमाला रजा मिळाली नव्हती, मी एकटाच होतो.

शालूनं आमचं घर काढलं. मशीनवर बसलेला मी, घराएवढा मोठा. लांब एक लाल गाडी, तीत आई. आणि दारात उभी शालू.

"तू दारात का उभी आहेस?" मॅडमनी विचारलं.

"लक्ष ठेवायला."

"कशावर?"

शालूनं खडू बदलला आणि गाडीला चाकं काढायला घेतली. मी म्हणालो, "आईच्या गाडीकडं बघत असती हो ती. रोजचंच आहे."

मॅडमनी शालूला बाहेरच्या खेळण्यांकडे पाठवलं आणि मला म्हणाल्या, "तिचं पोट खरंच दुखतं बरं का. नाटक नाही ते. आपल्या माणसापासून लांब जायची भीती असते, ती मुलांच्या पोटात उतरते. दिवाळीनंतर घरात काही झालं होतं? आजारपण, भांडण, कुणी अचानक दूर गेलं?"

"न्हाई," मी म्हणालो. "काही न्हाई झालं."

"ती वर्गात गेल्यावर तुम्हाला कसं वाटतं?"

"मला काय व्हायचंय?"

मॅडम म्हणाल्या, "ही भीती मोठ्यांनाही असते. फक्त मोठी माणसं पोट दुखतंय म्हणत नाहीत. ती सारखे फोन करतात, रस्त्यावर जाऊन उभी राहतात."

"असतील बाबा अशीही माणसं," मी म्हणालो.

मग त्यांनी उपाय सांगितला. माझ्या गळ्यातली टेप बघून त्यांना तो सुचला असावा; दुकानातून निघताना मी ती काढायला विसरलो होतो. उद्या तिच्या शेजारी बसायचं. परवा वर्गाच्या उंबऱ्यावर. शनिवारी व्हरांड्याच्या टोकाला. सोमवारी फाटकातून निरोप घ्यायचा आणि घरी जायचं. रोज थोडं थोडं लांब, टेपनं मोजून. पळून जायचं नाही, ती बघ चिमणी म्हणून तिची नजर चुकवायची नाही. कधी परत येणार ते सांगायचं आणि त्याच वेळी यायचं. "आणि तिच्याजवळ तुमचं काहीतरी राहू द्या. लहानसं, हातात मावेल असं. आठवण आली की धरायला."

हे मात्र माझ्या हातचं काम होतं. घरी आल्यावर मी माझ्या जुन्या निळ्या शर्टाचा तुकडा कापला, त्याची कड दुमडली आणि शालूच्या शाळेच्या फ्रॉकला आतून एक चोरखिसा लावून त्यात तो चार टाके घालून बसवला. शालू मशीनला टेकून सगळं बघत होती.

"हे कशाला?"

"आठवण आली की धरायचं."

"आणि तुमच्याकडं काय?"

"मला काय करायचंय? मी मोठा आहे," मी म्हणालो आणि दोरा तोडला.

गुरुवारी मी पहिलीच्या वर्गात शालूच्या शेजारी बसकरावर मांडी घालून बसलो. पोरांनी मला नवा विद्यार्थी म्हणून लगेच मान्य केलं. एकानं माझ्याकडं खोडरबर मागितलं. शुक्रवारी उंबऱ्यावर बसलो. शालू दर पाच मिनिटांनी वळून बघायची, मी हात करायचो. शनिवारी व्हरांड्याच्या टोकाला बसायचं होतं. मोजलं तर ते अंतर आठ टेपा भरलं. मी सहा टेपांवरच बसलो. शिंप्याची सवय, मापात थोडं आपल्याकडं राखून ठेवायचं. तिथून खिडकीतून तिची वेणी दिसत होती. व्हरांड्याच्या टोकाला बसलो असतो तर दिसली नसती.

रविवारी मला एका जागी बसवेना. एका ब्लाउजला मी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या आणि त्या उसवताना बोटात सुई घुसवून घेतली. हेमाची रविवारची ड्यूटी होती. साडेतीनची गाडी पावणेचारला आली, तेवढ्यात मी तीनदा स्टँडकडच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. तिन्ही वेळा शालू माझं बोट धरून बरोबर होती.

सोमवारी फाटकापाशी मी वाकलो आणि पाठ केलेलं बोललो. "मी आता घरी जातो. मधल्या सुट्टीत एक वाजता येतो. डबा घेऊन."

"घरात काय करणार?"

"ब्लाउज शिवणार."

"किती?"

"दोन."

शालूनं फ्रॉकवरून आतला खिसा चाचपला. मग तिनं माझी टेप सोडली, पाठ फिरवली आणि वर्गात गेली. रडली नाही. वळूनही बघितलं नाही.

मी फाटकाला धरून उभा राहिलो. आपण जिंकलो, असं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. छातीत धडधडायला लागलं. रस्ता ओलांडून घरी जायचं, कुलूप काढायचं, त्या रिकाम्या खोलीत जाऊन मशीनवर बसायचं, हे मला जमेना. दहा पावलं गेलो आणि परत फिरलो. शाळेच्या मागं पाण्याची टाकी होती. टाकीशेजारच्या दगडावर चढलं की पहिलीच्या वर्गाची मागची खिडकी येते, हे मी शुक्रवारीच हेरून ठेवलं होतं.

शालू पाटीवर चित्र काढत होती. शेजारची पोरगी काहीतरी सांगत होती आणि शालू हसत होती. माझी पोरगी शाळेत हसत होती. मी गज धरले आणि बघत राहिलो. किती वेळ गेला माहीत नाही. मग तिनं मान वर केली.

मला बघताच तिचा चेहरा बदलला. ती पाटी टाकून धावत खिडकीशी आली.

"पप्पा, काय झालं?"

"काही न्हाई गं, असंच..."

"काय झालं? आई आली न्हाई?"

"येईल की साडेतीनला. काही न्हाई झालं."

पण तिनं माझ्याकडं बघून घेतलं होतं. तिनं पोटावर हात दाबला. "पोटात दुखतंय. घरी चला."

तांबोळी बाई मागच्या दारानं टाकीपाशी आल्या. इतक्या वर्षांत त्यांना चिडलेलं मी तेव्हाच पाहिलं.

"हेंद्रे, उतरा खाली. पोरगी तासभर बसली होती. रडत नव्हती, दाराकडेही गेली नाही, पाढासुद्धा म्हणाली. तुम्ही खिडकीत आलात आणि तुमचं तोंड बघून रडली. घरी आरसा आहे ना?"

मी दगडावरून उतरलो. शालूला घेऊन घरी आलो.

साडेतीनला हेमानं विचारलं, "बसली?"

"न्हाई," मी म्हणालो. खिडकीचं काही सांगितलं नाही.

हेमानं बॅग खुर्चीवर ठेवली. तिनं वहीतून एक कागद फाडला, ताट पालथं घालून त्यावर ठेवला आणि लिहायला बसली. हेमाचं अक्षर मोत्यासारखं. विनंती अर्ज, असं तिनं वर मधोमध लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मंगळवारी तिची सुट्टी होती, तरी ती उद्याच डेपोत जाऊन राजीनाम्याचा अर्ज देणार होती. लिहिताना ती रडली नाही. खाकी ओढणीच्या टोकाशी मात्र चाळा करत राहिली.

मला तिच्याकडं बघवेना. म्हणून मी मशीनवर बसलो आणि बॉबिन घ्यायला खण उघडला.

खणात बॉबिनच्या डबीवर शालूची तांबडी रिबीन होती. नीट घडी घातलेली, पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेली. आणि तिच्याखाली माझ्या शर्टाचा निळा तुकडा. माझे चार टाके कात्रीनं कापलेले दिसत होते.

"शालू!"

ती टेबलाखालून बाहेर आली. मला राग आला होता. एवढ्या मायेनं शिवलेलं तिनं कापून टाकलं होतं.

"हे खिशातून का काढलंस?"

"मला न्हाई लागत."

"मग शाळेत आठवण आल्यावर काय धरणार?"

"मला न्हाई येत जास्त," ती म्हणाली. "तुम्हाला येती. म्हणून तुमच्याकडं ठेवलं. रिबीन माझी आहे. मी शाळेत गेले की ती हातात धरायची."

"मला कशाला आठवण..."

"घरी कोणच नसतं ना," शालू मला समजावून सांगावं तसं बोलायला लागली. "मी शाळेत, आई गाडीवर. आई आली न्हाई तर तुम्ही रडणार. मग तुमच्यापाशी कोण बसणार? त्या दिवशी मी होते."

हेमाचं लिहिणं थांबलं. "कुठल्या दिवशी?"

त्या दिवशी. दिवाळीनंतरचा शुक्रवार. ऊसदराचं आंदोलन चाललं होतं आणि कऱ्हाडच्या अलीकडे लोकांनी रस्त्यावर टायर पेटवून वाहतूक अडवली होती. हेमाकडं मोबाइल नव्हता; घरात फोन एकच, तो माझ्या दुकानात. साडेतीनची गाडी साडेचारला आली नाही, साडेपाचला आली नाही. मी शालूला काखोटीला मारून स्टँडवर गेलो. कंट्रोलरनं सांगितलं, गाड्या अडकल्यात, काळजी करू नका, येतील. पण मला ऐकूच येत नव्हतं. फलाटाच्या कठड्याशी मी खाली बसलो आणि रडायला लागलो. हमसून हमसून, सगळ्या लोकांसमोर. पाच वर्षांची शालू माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि म्हणत होती, पप्पा, येईल आई, येईल. सात वाजता हेमा आली. तोवर मी तोंड धुतलं होतं आणि शालूला सांगितलं होतं, आईला सांगू नको.

तिनं सांगितलं नव्हतं. त्या सोमवारपासून तिचं पोट दुखायला लागलं होतं.

मी हे सगळं हेमाला सांगितलं. एकदा सुरू झालं म्हटल्यावर खिडकीचंही सांगितलं, सहा टेपांचंही. आणि तिनं घरी बसावं असं मला मनातून वाटत होतं, हेसुद्धा. हेमा भिंतीला टेकून ऐकत होती. मग जे मी तिला लग्नाच्या सात वर्षांत सांगितलं नव्हतं, ते बोललो.

"मी सात वर्षांचा असताना आईनं मला मिरजेला मामाकडं ठेवलं, शिवण शिकायला. मला सांगितलं, बस इथं, कोपऱ्यावरनं पेढे घेऊन येते. मी खिडकीत बसलो. मामी जेवायला बोलवायची तरी उठायचो न्हाई. वाटायचं, उठलो आणि त्याच वेळी आई आली तर?"

"मग कधी आल्या?"

"पाच महिन्यांनी. पेढे आणले होते. मी खाल्ले न्हाईत."

शालूनं विचारलं, "का?"

"राग आला होता म्हणून," मी म्हणालो, आणि मला पुन्हा रडू आलं. शालू लगेच माझ्या पाठीशी आली, तिचा छोटा हात फिरायला लागला. हेमानं तिला अलगद उचललं आणि बाजूला घेतलं.

"तू नको," ती म्हणाली. "मी बसते पप्पांपाशी. तुझं काम न्हाई हे."

ती माझ्या शेजारी बसली खरी, पण तिला रागही आला होता. "आठ महिने मी स्वतःला कोसतीय," ती म्हणाली. "गाडीत तिकिटं फाडताना डोळ्यांत पाणी यायचं माझ्या. आणि तुम्हाला सगळं ठाऊक होतं."

"मला ठाऊक नव्हतं."

"अर्धं तरी होतं."

ते खरं होतं.  हेमानं अर्ज माझ्या कात्रीखाली ठेवला. "हा राहू दे तुमच्यापाशी. उद्या सांगलीला जाऊ. पोरीला दाखवायला न्हाई, तुम्हाला."

मंगळवारी बेडकिहाळ मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं. मला आधी वाटलं होतं, म्हणतील पुरुषासारखे पुरुष आणि रडता काय. त्या म्हणाल्या, "रडू नका असं मी म्हणणारच नाही. फक्त तुम्हाला सांभाळायची नोकरी तिच्याकडून काढून घ्या. सहा वर्षांच्या मुलीला ती झेपत नाही. तुम्ही रडलात तरी काही कोसळत नाही, तुम्ही उठून तुमचं काम करता, हे तिला दिसू द्या."

मग त्यांनी मला अभ्यास दिला. गाडी उशिरा आली तर स्टँडवर जायचं नाही. अर्धा तास मशीनवरून उठायचं नाही. हातातला ब्लाउज पुरा करायचा. धडधड वाढेल, वाढू द्यायची. ती आपोआप उतरते. आणि दर पंधरा दिवसांनी येऊन त्यांना भेटायचं. मी दीड वर्ष गेलो. गिऱ्हाइकांना सांगायचो, सांगलीला अस्तराचं कापड आणायला चाललोय.

बुधवारी सकाळी फाटकापाशी मी वाकलो. पाठ केलेलं काही नव्हतं.

"साडेचारला येतो. तोवर घरी एकटा असणार. मी बहुतेक रडेन थोडा," मी म्हणालो. "पण माझं मी बघेन. तुला पोट दुखवून घ्यायचं काही कारण न्हाई."

शालूनं माझा चेहरा नीट तपासला. "रिबीन घेतली?"

मी खिशातून काढून दाखवली.

तिच्या हातात टेपचं टोक होतं. ते तिनं माझ्या गळ्यात, दुसऱ्या बाजूनं नीट सोडलं, दोन्ही टोकं सारखी केली आणि आत गेली. मी टाकीकडं गेलो नाही. घरी आलो, कुलूप काढलं आणि मशीनवर बसलो.

तो दिवस कसा गेला ते मलाच ठाऊक. अकरा वाजता रडलो. बारा वाजता एक बाही उलटी लावली. दोन वाजता शाळेवरून एक चक्कर मारावी म्हणून चपला घातल्या, मग उंबऱ्यात त्या काढून आत फेकल्या. साडेतीनला गाडी आली नाही. पावणेचार झाले. मी पायडल मारत होतो, तळवे घामानं निसटत होते, रिबीन डाव्या मुठीत होती आणि त्यामुळे कापड धड पकडता येत नव्हतं. चार वाजले. ब्लाउज पुरा झाला. चार वाजून पाच मिनिटांनी हेमा दारात उभी होती.

"वाटेत पंक्चर," ती म्हणाली. "आज कोपऱ्यावर दिसला न्हाईत?"

"काम होतं," मी म्हणालो.

ती हसली. खूप दिवसांनी हसली. टेबलावर मी शालूच्या फ्रॉकच्या कॉलरचा कागदी साचा कापून ठेवला होता. तिनं तो उचलून उलटा केला, तर मागं तिचंच अक्षर होतं. विनंती अर्ज, आणि खाली दोन रेघा. तिनं तो परत होता तसा ठेवून दिला.

साडेचारला आम्ही दोघं फाटकापाशी होतो. हेमा रस्त्यापलीकडं पेरूच्या गाडीशी थांबली. पोरांचा लोंढा आला, त्यात शालू शेजारच्या पोरीचा हात धरून आली. एका गालाला खडूचा पांढरा पट्टा होता. मला बघितल्यावर तिनं मैत्रिणीचा हात सोडला.

"रडलात?"

"रडलो."

"किती?"

मी टेप काढून तिच्यासमोर धरली आणि चार इंचांवर अंगठा ठेवला. शालूनं टेपचं दुसरं टोक हातात घेतलं, विचार केला आणि बोट दोन इंचांवर ठेवलं.

"मी एवढी," ती म्हणाली. "मग चित्र काढलं. तुम्ही?"

"मी ब्लाउज शिवला."

"पुरा?"

"पुरा."

तिनं मान डोलावली. मग तिला रस्त्यापलीकडं हेमा दिसली. तिनं टेप सोडली आणि पळत सुटली.